विकू, वाटू की नुसती शिवत राहू?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलून):

वय 69. लग्नानंतरचं जवळजवळ सगळं आयुष्य नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेलं. वाडा पाडून इमारत उभी राहिली, बिऱ्हाडं पांगली. आता मुलगा, सून आणि नातीबरोबर वारज्याला अकराव्या मजल्यावर. यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. घरात काही कमी नाही, सून चांगली आहे, पण सकाळी सगळे बाहेर पडले की संध्याकाळी सातपर्यंत बोलायला कुणी नाही. गेल्या वर्षी कपाट आवरताना सासूबाईंची नऊवारी हाती लागली. पानशेतच्या पुरात चिखलात भिजलेली, काठाजवळचा डाग कधीच न गेलेली. लहानपणी आजीजवळ बसून शिकलेला धावदोरा आठवून त्यांनी तिची गोधडी शिवली. मग दुसरी शिवली, आता तिसरी चालू आहे. मुलगा म्हणतो, "आई, डोळे जातील, हजार-दीड हजारात कम्फर्टर मिळतो." ठाण्याची मुलगी म्हणते, "मी इन्स्टाग्रामवर पेज काढून देते, भीमथडी जत्रेत स्टॉल घेऊ." नात "क्यूट आहे, आजी" म्हणते आणि मोबाइलमध्ये शिरते. सोसायटीत भिशी आहे, भजनी मंडळ आहे, दोन्हीकडे जाऊन पाहिलं, जीव रमला नाही. यजमानांचे चार शर्ट कपाटात आहेत, त्यांना कात्री लावायचा धीर होत नाही. त्या विचारतात: "विकायचं नसेल तर हे सगळं कशासाठी करायचं? आणि दिवसभर सुई घेऊन एकटी बसते, म्हणजे मी माणसांपासून पळते आहे का?"

मावशी,

तुम्ही लिहिलंय, "मी काही कलाकार नाही, वेळ जात नाही म्हणून करते." मी हे मान्य करणार होते, पण त्यापुढचं अर्धं पान तुम्ही तपकिरी काठाशेजारी शेवाळी रंग का चालत नाही, यावर खर्च केलंय. शिवाय जांभळा पट्टा डोळ्यांना खुपला म्हणून चार दिवसांचं काम उसवलंत, हेही कळवलंत. वेळ घालवायला बसलेली बाई चार दिवसांचं काम उसवत नाही, मावशी. तिला कशाला उसवायचं असतं? आहे तसं चालवून घेते आणि दुपारची मालिका लावते.

म्हणून "कलाकार नाही" या वाक्याची आधी वासलात लावू. बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही नारायण पेठेत राहून पाहिलं असेलच, नसेल तर हे पुण्यातल्या माणसाचं ठरलेलं दुखणं आहे. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं तो संग्रह केला आणि 1962 साली सरकारच्या स्वाधीन केला. तिथे काय आहे? दिवे, अडकित्ते, कुलपं, भांडी, दारं, वस्त्रं. रोजच्या वापरातल्या वस्तू, ज्यांच्यावर करणाऱ्याचं नाव नाही. अडकित्त्याला मोराची मान दिली नाही तर सुपारी कातरली जात नाही असं थोडंच आहे! तरी कुणीतरी ती दिली. तुमचा शेवाळी रंग त्याच जातीचा आहे.

अशा वेळी टागोरांचं आणि ग्रँडमा मोझेसचं उदाहरण द्यायची पद्धत आहे. टागोर साठी उलटल्यावर गंभीरपणे चित्रं काढू लागले आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन झालं. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस बाईंचं पहिलं एकल प्रदर्शन न्यूयॉर्कला झालं तेव्हा त्या ऐंशीच्या होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांचा तुम्हाला उपयोग नाही असं माझं मत आहे. त्या ऐकून आपण पुन्हा तिथेच येतो: उतारवयात काही करायचं तर त्याचं प्रदर्शन तरी झालं पाहिजे, नाहीतर विक्री. तुमची मुलगीही तेच म्हणते आहे, प्रेमानं. तुमच्या पिढीच्या बायकांच्या हातातलं प्रत्येक काम कुणाच्या तरी कामी यायचं होतं. बाळाचं झबलं, धाकट्या दिराचा स्वेटर, रुखवतातलं तोरण. स्वतःला बरं वाटतं एवढ्यासाठी सुई हातात धरायची परवानगी कुणी दिली नव्हती. मग आता 69व्या वर्षी मुलीची आणि मुलाची मतं मागवून तुम्ही तीच परवानगी शोधताय का, एवढं एकदा स्वतःशी तपासा.

तरी माझ्या मते तुमचा खरा प्रश्न दुसरा आहे, तो एकटेपणाचा.

"वाड्यात माणसं होती, इथे दारं आहेत," असं तुम्ही लिहिता. खरं आहे. पण थोडं मागे जाऊन बघा. वाड्यातल्या बायका तुमच्याकडे गप्पा मारायला यायच्या का? क्वचित. त्या यायच्या कारण काम असायचं. चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे, उडदाचे पापड. वर्षाचे गहू निवडायचे. शेवया करायच्या. जिच्याशी दोन महिने अबोला होता तिच्याही हातात लाटणं द्यावं लागायचं, आणि चाळिसाव्या पापडाला तिच्या सुनेची तक्रार आपसूक बाहेर पडायची. मैत्री हा त्या कामाचा वरकड माल होता. (वाड्याच्या आठवणी आपण जरा साखर घालून सांगतो, हेही खरं. सामाईक संडासाची रांग कुणी सांगत नाही.)

आता भिशी बघा. समोरासमोर खुर्च्या, हात रिकामे, बोलण्याखेरीज काही करायचं नाही. ज्यांना ते जमतं त्यांना जमतं. तुमच्यासारख्या, हाताला काम असलं की तोंड उघडणाऱ्या बाईला ती परीक्षाच वाटणार. भजनी मंडळात निदान टाळ आहेत, पण तुम्हाला गाणं आवडत नाही असं तुम्हीच प्रामाणिकपणे म्हटलंय. मग त्यात तुमचा काय दोष? तुम्ही माणसांपासून पळत नाही आहात. तुम्हाला माणसं कामाच्या कडेनं भेटायची सवय आहे, आणि इमारतीत ते काम उरलेलं नाही.

काम तर तुमच्या मांडीवर आहे. फक्त ते तुम्ही एकटीचं मानलंय.

इथे एक लांबची गोष्ट सांगते. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुरांची. तिथल्या बायका कित्येक पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या: गुडघ्यावर विरलेल्या पँटी, शर्टांच्या पाठी, पिठाच्या पिशव्या. थंडी घालवायला, दुसरं काही नाही. 2002 मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात टांगल्या गेल्या आणि समीक्षक अवाक झाले. पण मला त्यांची कामाची रीत जास्त महत्त्वाची वाटते. कोणता तुकडा कुठे लावायचा, कोणता रंग कशाशेजारी, ही वरची मांडणी ज्या त्या बाईची. त्यात कुणी बोट घालायचं नाही. पण वरचा थर जोडून झाला, आत भरण आणि खाली अस्तर आलं, की टाके घालायला शेजारणी जमायच्या, चौकटीभोवती बसायच्या. रचना एकटीची, टाके सगळ्यांचे.

तुम्ही हे असंच करून बघा. शेवाळी रंगाचा निर्णय तुमचाच राहू दे. धावदोऱ्याला मात्र बायका बोलवा.

कशा? "गोधडीचा वर्ग" असा संदेश सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. वर्ग म्हटलं की फी, हजेरी आणि तुम्ही बाई. त्यापेक्षा असं लिहा: "घरात न नेसली जाणारी मऊ सुती साडी आहे का? बुधवारी चार वाजता खाली क्लबहाऊसमध्ये घेऊन या. शिवता येत नसलं तरी चालेल." साडी घेऊन येणारी बाई रिकाम्या हातानं येत नाही आणि रिकाम्या तोंडानंही येत नाही. ती साडी कुणाची, कधीची, कुणी घेतली, हे सांगितल्याशिवाय ती तुमच्या हातात देणारच नाही. ओळख करून द्यायची वेगळी गरज उरत नाही.

वार आणि वेळ मात्र पक्की ठेवा. "जमेल तसं भेटू" म्हटलेली गोष्ट पुण्यात कधीही जमत नाही. क्लबहाऊसला भाडं मागत असतील तर लॉबीत बसा, तेही नसेल तर पालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघांच्या खोल्या आहेत. तिथे सकाळी योग आणि संध्याकाळी व्याख्यान असतं, दुपारी बरेचदा कुलूप असतं. संघाच्या अध्यक्षांना आठवड्याची एक दुपार मागायला काय हरकत आहे? व्याख्यानापेक्षा सुईला जास्त माणसं येतील, असं मी खासगीत म्हणेन.

दोन पथ्यं पाळा. पहिलं: दुसरीचा टाका वाकडा आला तर तो तिथेच राहू द्या. तुम्ही उसवणाऱ्यांपैकी आहात म्हणून मुद्दाम सांगते. घरी जाऊन रात्री गुपचूप उसवायचाही नाही. तिला तो पुढच्या बुधवारी दिसला नाही तर ती परत येणार नाही. हे सोसणार नसेल तर तुमची स्वतःची गोधडी घरी ठेवा आणि बुधवारसाठी एक सामाईक गोधडी वेगळी काढा. दुसरं: सामाईक गोधडी झाल्यावर कुणाची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. रात्रपाळीच्या वॉचमनला द्या, इमारतीत नवीन बाळ आलंय त्याला द्या, काहीही ठरवा, पण आधी ठरवा. नाहीतर वाड्यातल्या नळासारखं होईल, पाणी सगळ्यांचं आणि भांडण कळशीचं.

साड्या घेताना भिडेला पडू नका. नायलॉन-सिंथेटिक साड्या गोड बोलून परत करा, त्यात सुई अडते आणि थर एकमेकांवरून घसरतात. जुनं रेशीम घडीवर विरलेलं असतं, टाका धरत नाही. नवं कापड आलं तर आधी धुऊन घ्या, म्हणजे आटायचं ते आटेल आणि रंग जायचा तो जाईल. हाताने शिवायला तीन-चार थर पुरे. पाच-सहा थर घातले की ऊब वाढते, पण बोटं दुखतात आणि धुताना ओली गोधडी दोघींनाही उचलत नाही. शिवण्याआधी लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायला विसरू नका. हे तुम्हाला माहीत आहे, पण हे सदर वाचून उद्या कुणी नवखी बसेल, तिच्यासाठी लिहिलं.

आणखी एक. अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात साठ ते नव्वद वर्षांच्या माणसांवर एक प्रयोग झाला, 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला साधारण पंधरा तास, गोधडीकाम किंवा डिजिटल फोटोग्राफी शिकवली. दुसऱ्या एका गटाला नुसत्या गप्पा, सहली, एकत्र कार्यक्रम. नवीन काही शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली, नुसत्या सहवासातल्या गटाची तेवढी नाही. यावरून "गोधडी शिवा, विस्मरण टाळा" अशी पाटी लावू नका, एवढं त्यातून सिद्ध होत नाही. पण एक धडा घेण्यासारखा आहे: ती माणसं त्यांना न येणारी गोष्ट शिकत होती. तुमचा धावदोरा तर झोपेतही येतो. तेव्हा एखादी गोधडी नव्या रीतीची करा. बंगालच्या कांथात त्याच धावदोऱ्यानं मासे आणि कमळं उमटतात. उत्तर कर्नाटकातल्या कौदीत तुकड्यांची मांडणी वेगळी. कच्छ-सिंधच्या रल्लीत कापड कातरून नक्षी बसवतात. एखादी बसवायचा प्रयत्न करा. सुरुवातीला चुकाल आणि चिडचिड होईल, ती होऊ द्या.

आता मुलाचं बोलणं. कम्फर्टर स्वस्त मिळतो, हे त्याचं खरंच आहे. पण तो पांघरुणाविषयी बोलतच नाहीये, मावशी. आई दुपारभर वाकून काहीतरी करते आणि आपण घरी नसतो, हे त्याला टोचतंय. त्याला वाद घालू नका, काम द्या. बारीक काम केल्यानं डोळे बिघडत नाहीत, थकतात. पण या वयात मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी, तिथे त्याला घेऊन जा. सुई डोळ्यांपासून किती अंतरावर धरता ते मोजून डॉक्टरांना सांगा आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा मागा. वाचायच्या चष्म्यानं शिवायला बसलं की मान पुढे जाते आणि दोष सुईला लागतो. खिडकीशी बसा, उजव्या हातानं शिवत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या. वीस मिनिटांनी मान वर करून लांब बघा. अकराव्या मजल्यावरून ते बरं जमेल. जमिनीवर मांडी घालून शिवायचा हट्ट सोडा, जेवणाचं टेबल वापरा. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर त्या दिवसापुरतं थांबा.

नातीलाही काम द्या. "क्यूट" म्हणणाऱ्या मुलीला कौतुक करायला सांगितलं की ती आणखी एकदा क्यूट म्हणेल. तिला सकाळी शाळेत जायच्या आधी आठ सुयांत दोरे ओवून ठेवायला सांगा. दोरा ओवणं तुम्हाला जड जातं असं तुम्हीच लिहिलंय, तिच्या डोळ्यांना दोन मिनिटांचं काम आहे. आपोआप दोरा ओवला जाणाऱ्या सुया बाजारात मिळतात, त्या घरी आणू नका. ही सोय तुम्हाला महागात पडेल. महिन्याभरात ती विचारेल, "आज फक्त पाचच संपल्या? का?" तिथून पुढचं बोलणं तुमचं तुम्ही बघा.

वाड्यातल्या मैत्रिणी पांगल्या, कुणी धायरीला, कुणी कोथरूडला, आता फक्त लग्नकार्यात भेटतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्यातल्या एकीला सुया-दोऱ्यांच्या खरेदीला तुळशीबागेत बोलवा. वनाजपर्यंत रिक्षा करा, तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून मंडईला उतरा. सरकते जिने आहेत, गुडघ्यांची सबब चालणार नाही. "सहज भेटू" म्हणून सत्तरीतली बाई घराबाहेर पडत नाही, पण अमुक नंबरची सुई आणायची आहे म्हटलं की पडते.

शर्टांविषयी.

कात्री लावू नका. लावायलाच हवी असं कुणी सांगितलं? गोधडीच्या आतल्या थरात जुने कपडे अख्खे घालायची आपल्याकडे रीतच आहे, तुमच्या आजीनं घातलेले तुम्ही पाहिले असतील. बटणं काढून घ्या, नाहीतर सुई मोडेल, कॉलरची जाड शिवण तेवढी उसवा, आणि शर्ट सपाट पसरून आत ठेवा. वरून दिसणार नाही, पण कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेल. जीज बेंडमध्येच मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, तिनं ते कपडे फाडून वरच लावले, गुडघ्याच्या ठिगळांसकट. दोन्ही बरोबर. आणि चारही शर्ट आणखी पाच वर्षं कपाटातच राहिले तर तेही बरोबर.

फक्त एक विचारते. शिवताना डोळे भरून येतात, यात काळजीचं काही नाही. पण सलग दोनेक आठवडे झोप नाही, जेवण नको, सुईसुद्धा हातात घ्यावीशी वाटत नाही, असं झालं तर गोधडीच्या भरवशावर राहू नका. फॅमिली डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. दोन्हींवर मराठीत बोलता येतं.

तुमचं पत्र वाचून काही काका म्हणतील, हे बायकांचं झालं, आमचं काय? निवृत्त पुरुषांची पत्रं मला येतात आणि त्यात बहुतेक वेळा माळ्यावरची एखादी बाजाची पेटी असते, किंवा रंगांचा डबा, किंवा सुताराची हत्यारं. "आता या वयात शिकून कुणाला ऐकवणार?" हा ठरलेला प्रश्न. काका, ऐकवू नका. साथ करा. भजनी मंडळाला पेटीवाला सदैव कमी असतो. चार सूर धरून ठेवणारा माणूस त्यांना पुरतो, मैफल गाजवणारा नको असतो. सुतारकाम येत असेल तर ज्येष्ठ नागरिक संघातल्या डुगडुगत्या खुर्च्यांपासून सुरुवात करा, एका माणसाला खुर्ची धरायला बसवा. चित्रं काढत असाल तर घरी बसून फोटोवरून काढू नका, वही घेऊन मंडईत किंवा पर्वतीच्या पायथ्याशी बसा. पाठीमागे कुणीतरी उभं राहून "ते झाड एवढं उंच नाहीये" म्हणेलच. पुणं आहे हे. त्याच्याशी वाद घाला.

राहिला पैशाचा प्रश्न, कारण मुलगी थांबायची नाही.

हातकामाचे पैसे घेण्यात काही कमीपणा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका पूर्वी पेठांमधून दारावर यायच्या, त्यांची घरं त्यावर चालायची. पण हिशेब मांडा. तुम्ही लिहिता, एका गोधडीला दोन महिने लागतात, रोज दोन-अडीच तास. म्हणजे सव्वाशे ते दीडशे तास. तासाला अवघे 50 रुपये धरले तरी मजुरीच सव्वासहा ते साडेसात हजार होते, कापड-दोरा वेगळा. स्टॉलवर तीच गोधडी उचलून कुणीतरी विचारणार, "काकू, पंधराशेला द्या ना?" तुम्हाला राग येईल, आणि तो योग्यच असेल. पाठोपाठ कुणाला हलक्या गुलाबीत हवी असेल, कुणाला दोन एकसारख्या, तेही गुरुवारपर्यंत. शेवाळी रंगाचा निर्णय मग गिऱ्हाईक घेईल. तुम्हाला हे चालणार असेल तर जरूर करा. नसेल तर एक मधला मार्ग आहे: वर्षाला दोन किंवा तीनच गोधड्या, त्याही लोकांच्या घरच्या साड्यांच्या. आईची, सासूची साडी माणूस घेऊन येईल, तो किमतीवरून घासाघीस करत नाही. मजुरी आधी सांगा, निम्मी आगाऊ घ्या, मुदत मोघम ठेवा. आणि फोनवरून कुणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो.

मुलीच्या उत्साहावर पाणी ओतू नका, त्याला वळण द्या. तिला पेज काढू दे, पण विक्रीचं नको. प्रत्येक गोधडीचा फोटो आणि खाली चार ओळी: हा पट्टा कुणाच्या साडीचा, कोणत्या सालचा, कुणी नेसलेली. पानशेतचा डाग ज्या साडीवर आहे तिच्याविषयी तर तुम्हाला नीट आठवतंय तोवर लिहून घ्या. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा ज्यांच्या अंगणात पाणी आलं होतं अशा कुटुंबांची माणसं शहरभर आहेत. त्या पेजवर ती आपापल्या आठवणी लिहितील, तुम्ही उत्तरं द्या.

आणि भीमथडीला या डिसेंबरात मायलेकी स्टॉल न घेता नुसत्या जा. तिथल्या गोधड्या उलट्या करून मागचे टाके बघा, शिवणाऱ्या बायकांशी बोला, त्यांना एका गोधडीमागे हातात किती पडतात ते विचारा. मग घरी येऊन लेकीबरोबर हिशेबाला बसा.